चिंचेची फांदी

कॉलेजात आमच्या वनस्पतिशास्त्र विभागातलं कपाट आवरताना वर्तमानपत्राच्या घडीत वाळवलेली एक फांदी सापडली. सोबतच्या चिठ्ठीवर बापटबाईंचं अक्षर. नावाची जागा रिकामी, खाली पेन्सिलीनं प्रश्न : ‘सांजेला पानं मिटताना आधी टोकाची मिटतात की देठाकडची?’

फांदी चिंचेची होती. शाळेतलं पोरही सांगेल.

बाई जाऊन तीन महिने झाले. आमची टेबलं वीस वर्षं शेजारी होती. मी रुजू झालो त्या आठवड्यात एका रोपाचं नाव फाडकन सांगितलं, तर म्हणाल्या, “नाव कळलं की आपण बघायचं थांबतो, बरं का. आधी त्याला काहीतरी विचारा.” प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत त्या चिठ्ठीवर नाव लिहीत नसत. मला हा निव्वळ वेळकाढूपणा वाटे.

आजही नाव लिहायला पेन उचललं. मग जाणवलं, उत्तर मला ठाऊक नाही.

संध्याकाळी फाटकाबाहेरच्या बसथांब्यावर, चिंचेखाली जाऊन उभा राहिलो. वॉचमन हसला. “बापटबाईपण अशाच वर बघत उभ्या असायच्या, सर. समोर आलेली बस सोडून द्यायच्या.”

आणि मी इतकी वर्षं समजत होतो, त्यांच्या मार्गावरची बसच उशिरा येते.

वरची इवली पानं जवळ येऊ लागली होती. टोकाकडून? देठाकडून? डोळे बारीक केले. तेवढ्यात माझी बस आली, थांबली, कंडक्टरनं घंटी मारली.

मी वरच बघत राहिलो.