गायरानातली मखमली मुंगी आणि हर्षाली दराडे

सिन्नरच्या पेठेत हर्षाली दराडेचं चष्म्याचं दुकान आहे. फ्रेमांच्या कपाटात खालच्या फळीवर बरण्या, बरण्यांत किडे. गिऱ्हाईक विचारतं, "ताई, हे काय?" ती म्हणते, "समोरच्या फळ्यावरची अक्षरं वाचा." बीएस्सी झाली, पुढं किड्यांवरच शिकायचं होतं, वडील गेले आणि दुकान गळ्यात पडलं. तिला बिचारी म्हणू नका. तिला खपत नाही, मलाही खपत नाही.

आमच्या गावचं गायरान एका कंपनीला गोदामांसाठी हवंय, त्यावर सरकारी सुनावणी लागली होती. कंपनीचा सल्लागार रविराज भर उन्हाळ्यात आला, एसी गाडीतून उतरला, फोटो काढले आणि पुन्हा काच वर करून बसला. अहवालात लिहिलं, जमीन ओसाड, कीटक आढळले नाहीत. ज्या माळावर बसलं तर दोन मिनिटांत पायजम्यात काहीतरी शिरतं, तिथं कीटक नाहीत म्हणे. असल्या माणसाला पगार कोण देतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याच माळावर हर्षालीला मखमली मुंगी सापडली होती. नावाची मुंगी, जातीनं गांधीलमाशी. मादीला पंख नसतात. लालभडक मखमल, पाठीवर पांढरे ठिपके, जमिनीवर तुरुतुरु पळते. नराला पंख असतात आणि तो इतका वेगळा दिसतो, की एकाच जातीच्या नवराबायकोला शास्त्रज्ञांनी दोन वेगळी नावं दिल्याचे प्रकार झालेत. म्हणून नर हातात आल्याशिवाय मादीचं नाव सांगायला हर्षाली तयार नव्हती.

मखमली मुंगी कुंभारीण माशीच्या घरात अंडी घालते. गायरानातलं तसलं एक मातीचं घर तिनं बरणीत ठेवलं होतं, त्यातून नराशी अजून गाठ न पडलेली कोरी मादी बाहेर आली. तिला तिनं चहाच्या दोन गाळण्यांत बंद केलं आणि गायरानात ठेवलं. वासावर नर येतो म्हणाली. आला. काळपट, साधा, गाळणीला येऊन चिकटला. दुकानातल्या भिंगाखाली तिनं त्याचे पंख, जबडे, सगळं तपासलं. त्या नराचं बारसं फार पूर्वी दूर वाळवंटात झालेलं होतं. मादीची नोंद मात्र कुणी केली नव्हती.

"नवीन जात म्हणून लिही," मी म्हटलं. "सुनावणीत तेवढंच चालतं."

"नवीन नाहीये, रंगनाथदादा."

"कुणाला कळणारे?"

"मला."

"तुझ्या सोवळ्यापायी गायरान जाईल."

"खोटं त्यांच्याकडे पोत्यानं आहे. आपली मूठ कशाला त्यात?"

मी तावातावानं बाहेर पडलो, चपला घातल्या, त्या तशाच घालून पुन्हा आत आलो आणि आणखी सुनावलं. तोवर तिनं नराच्या चिठ्ठीवर जुनंच नाव लिहिलं होतं.

सुनावणी मारुतीच्या सभामंडपात झाली, ती घ्यायला प्रांतसाहेब आले होते. रविराज मोबाइलवर आधीच जुन्या जातींची यादी उघडून तयारीत होता. "मॅडम, नवी प्रजाती सापडली म्हणायची?"

"नाही," हर्षाली म्हणाली. "नराला जुनंच नाव आहे. ही त्याची मादी." तिनं दोघांचे मोठे फोटो आणि जिवंत मादीची बरणी साहेबांपुढे ठेवली. रविराजनं मोबाइल खिशात घातला.

एवढ्यात सरपंच खंडेराव, कंपनीचे खास, पुढं सरकले आणि बरणी उचलली. "हा तर मृगाचा किडा. शुभ असतोय." आमच्याकडं मृगात तो लाल मऊ किडा दिसला की म्हातारेकोतारेही तळहातावर घेतात. खंडेरावांनी झाकण काढून बरणी हातावर उपडी केली.

"सरपंच, ठेवा ती, मादीला डंख..."

खंडेरावांची आरोळी वेशीपर्यंत गेली. खाली पडलेल्या मादीवर त्यांनी पाय आपटला. तिचं कवच कठीण. ती उठली आणि फरशीच्या भेगेत निघून गेली.

साहेब दचकून कारकुनाला म्हणाले, "लिहा, जमिनीवर धोकादायक कीटक. साफ केलेली बरी."

माझं डोकं सणकलं. "लिहाच साहेब. सरपंचांना गायरानातला कीटक डसला, असं लिहा. मग अहवालातली 'कीटक आढळले नाहीत' ही ओळ मोठ्यानं वाचा. सरपंचांचा हात समोर धरून वाचा."

मंडप खदाखदा हसला. "रंगनाथ, लय झालं तुझं," खंडेराव हात फुंकत म्हणाले. हात भाकरीएवढा झाला होता.

साहेबांनी अहवाल वाचला, रविराजकडं पाहिलं आणि फेरपाहणीचा हुकूम दिला. कोणी करायची? पुन्हा रविराजनंच. चोराला सांगितलं, जा, पंचनामा करून आण. मी टेबलावर हात आपटणार, तेवढ्यात हर्षाली म्हणाली, "मी सोबत असेन. मी दाखवलेला प्रत्येक किडा अहवालात येईल, हे आत्ता हुकमात लिहा." साहेबांनी बराच वेळ पेन फिरवलं. शेवटी लिहिलं.

सोमवारी फेरपाहणी, तिचं दुकान बंद आहे. मीही माळावर जाणार म्हटल्यावर म्हणाली, "या. पण तोंड बंद ठेवायचं."

बघू म्हटलं.