टेस्ट नापास झाल्याचा चिवडा

बगचं, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकीचं, एक बरं असतं. त्याला नंबर मिळतो, तो कोणाच्या तरी गळ्यात पडतो आणि एक दिवस बंद होतो. किस्से मात्र बंद होत नाहीत! चहाला कोणी नवीन माणूस आला की आमच्यातला एक जण "तो रिकाम्या फाइलचा सांग ना" म्हणतो आणि पुढचा अर्धा तास कामाची वाट लागते. यातले बहुतेक किस्से वैशालीताईचे आहेत. ती स्वतः एकही सांगत नाही, म्हणून मलाच तोंड उघडावं लागतं.

आधी आमचा धंदा सांगतो. गंगापूर रोडला एका डेंटिस्टच्या दवाखान्यावर आमचं छोटं ऑफिस आहे. आम्ही कंपायलर बनवतो, म्हणजे प्रोग्रामर जे लिहितो ते चिपला कळेल अशा बारीक बारीक हुकमांत उतरवून देणारं सॉफ्टवेअर. हे हुकूम माणसाला वाचता येतील असे मांडले की त्याला असेम्ब्ली म्हणतात. हुकूम बरोबर निघतायत ना, हे बघायला शेकडो टेस्ट. बरोबर असेल तर स्क्रीनवर हिरवं, चुकलं तर लाल.

आता झालं असं की एका वर्षात दोनदा चुकीचे हुकूम थेट कस्टमरच्या हातात गेले, आणि आमच्या टेस्ट सगळ्या हिरव्यागार! कस्टमर बंगळूरचा, चिप बनवणारा. त्याने स्वच्छ सांगितलं, तिसऱ्यांदा झालं तर काम बंगळूरला हलवू आणि नाशिकचं ऑफिस बंद. बाकीचे आम्ही बॅगा भरून गेलोही असतो. वैशालीताईला ते शक्य नव्हतं. तिची आई सायखेड्याला अंथरुणाला खिळलेली, ही रोज स्कूटीवरून येऊन-जाऊन. ऑफिस गेलं की तिची नोकरी गेली, इतकं सरळ होतं.

*

वैशालीताईला मुळात मॅन्युअल, म्हणजे माहितीपुस्तकं, टाइप करायला घेतलं होतं. डिप्लोमा झालेली, अबोल, डबा खाताना पण कागद वाचणारी. टेस्ट बघायला माणूस कमी पडला म्हणून आमचे हेड खैरनार सर यांनी तिला तिकडे बसवलं.

तेव्हा प्रत्येक टेस्टसोबत 'बरोबर उत्तर' म्हणून अख्खी असेम्ब्ली अक्षरन् अक्षर साठवलेली असायची. सरांनी कंपायलरमध्ये एक छोटी सुधारणा केली. हुकूम बरोबरच होते, फक्त एका रजिस्टरऐवजी, म्हणजे चिपच्या आतल्या एका कप्प्याऐवजी, दुसरा वापरला जात होता. झालं, निम्म्या टेस्ट लाल! पण आमच्याकडे त्यावर रामबाण उपाय होता. एक कमांड मारली की आत्ता निघालेलं उत्तर हेच यापुढे 'बरोबर उत्तर' म्हणून साठायचं. मी कमांड मारली, सगळं हिरवं झालं आणि मी चहाला उठलो.

वैशालीताईने मागून विचारलं, "दादा, म्हणजे पोराने जे लिहिलं तेच मॉडेल आन्सर करायचं, आणि मग त्याला पैकीच्या पैकी द्यायचे?"

मी उठलेला परत बसलो. खैरनार सर केबिनच्या दारात उभे होते. ते म्हणाले, "हे तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही सर. हे तर दिसतंच आहे की!"

आम्हाला सहा वर्षांत दिसलं नव्हतं.

*

मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. अख्खी असेम्ब्ली जुळवायची नाही, महत्त्वाचं तेवढंच तपासायचं. उदाहरणार्थ, चिपला गुणाकार महाग पडतो, म्हणून अमुक ठिकाणी गुणाकाराचा हुकूम येता कामा नये. टेस्ट काय बघायची? निघालेल्या हुकमांच्या फाइलमध्ये गुणाकार नाही ना? नाही. हिरवं!

एक दिवस वैशालीताईने ती फाइल उघडली आणि सरांना हाक मारली. फाइल कोरी होती. त्या ठिकाणी कंपायलर मध्येच बंद पडत होता, हुकूम एकही निघत नव्हता आणि आमची टेस्ट महिनाभर हिरवी होती!

खैरनार सर मूळचे सटाण्याकडचे. धक्का बसला की थेट अहिराणीवर येतात. "हाई काय शे?" म्हणून ते मटकन खुर्चीत बसले. मग स्क्रीनकडे बघून म्हणाले, "रिकाम्या डब्यात खडा सापडला नाही म्हणून आपण स्वयंपाकाला शाबासकी देत होतो!"

*

आता हा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिलाय, म्हणून छातीठोक सांगतो.

बऱ्याच फंक्शनांचा, म्हणजे छोट्या तुकड्यांचा, बनलेला एक प्रोग्राम मधूनच चुकीचं उत्तर द्यायचा. मी आणि अजून एक जण तीन दिवस त्याच्यामागे होतो. चिपची नक्कल करणारा सिम्युलेटर लावला, पायरी पायरीने चालवून पाहिला, काही सापडेना. तिसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली, इन्व्हर्टरनेही मान टाकली. आम्ही मिसळ खायला जायला निघालो. वैशालीताई खिडकीपाशी त्या असेम्ब्लीचे प्रिंटआउट घेऊन बसली होती.

आम्ही जिना उतरायच्या आत तिने हाक मारली. "दादा, चौथ्या पानावर बघा. हे फंक्शन एका रजिस्टरमधलं बाजूला काढून ठेवतंय. बाहेर पडायच्या तीन वाटा आहेत. दोन वाटांवर परत जागेवर ठेवतंय, तिसरीवर विसरतंय."

मी पान बघितलं. होतं! ज्या पानाकडे मी तीन दिवस बघत होतो, त्याच पानावर होतं ते.

"तुम्ही हे सगळं वाचलंत?" मी विचारलं.

"नाय हो, सगळं कशाला वाचू? मी फक्त काढलेलं परत ठेवलं का, एवढंच बघत होते."

त्या दिवशी मिसळ आम्ही तिच्यासाठी वर मागवली.

*

मग तिने नियम आणला. नवीन टेस्ट लिहिणाऱ्याने आधी कंपायलर मुद्दाम बिघडवायचा आणि आपली टेस्ट लाल होते हे शेजारच्याला दाखवायचं. जी टेस्ट कधी लाल झालेलीच नाही, ती घ्यायची नाही. आणि फाइलभर शोधायचं नाही, ज्या फंक्शनचा प्रश्न आहे त्याच्याच आत, हुकमांच्या क्रमासकट तपासायचं.

मी म्हणालो, "ताई, लय कडक झालं हे!" पण आठवड्यात सगळ्यांना त्याचं वेड लागलं. पहिल्यांदा टेस्ट लाल झाली की लिहिणाऱ्याने चिवडा आणायचा अशी पद्धतच पडली. खालच्या डेंटिस्टच्या रिसेप्शनवरच्या बाईंना एकदा मी पुडा नेऊन दिला.

"अरे वा! कोण पास झालं?"

"पास कोणी नाही हो, नापास झाली, म्हणून तर चिवडा!"

त्यांनी चिवडा घेतला, पण डॉक्टरांना आत जाऊन काहीतरी सांगितलं.

*

आणि आता तो दिवस.

आम्ही टेस्ट सुधारल्यात यावर कस्टमरचा विश्वास नव्हता, आणि का असावा! त्यांच्याकडचे इंजिनिअर जोशी, मूळचे बेळगावचे. ते म्हणाले, "तुमच्याच कंपायलरमध्ये मी माझ्या हाताने दहा चुका घालून पाठवतो. तुमच्या टेस्टनी दहाच्या दहा पकडल्या तर काम नाशिकला. एक जरी सुटली तरी काम इकडे. आणि खोटी ओरड केलीत, नसलेली चूक सांगितलीत, तरीही काम इकडे."

सोमवारी सकाळी कंपायलर आला, दुपारी टेस्ट चालवल्या, चारला कॉल. खैरनार सर एकेक चूक वाचून दाखवत होते. पलीकडून जोशी "बरोबर" म्हणत यादीवर खूण करत होते. सात झाल्या. आठ. नऊ. दहावीला जोशी म्हणाले, "बरोबर. झाल्या दहा. अभिनंदन!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. सरांनी खुर्चीला पाठ टेकली.

वैशालीताई माइककडे वाकली. "सर, अजून एक आहे."

पलीकडे कागदाची सळसळ झाली. मग जोशी म्हणाले, "मॅडम, मी दहाच घातल्यात. यादी समोर आहे माझ्या."

सरांनी झटकन कॉल म्यूट केला. "वैशाली, झालं ना! दहा झाल्या! कशाला आता?"

"सर, आपल्या मूळ कंपायलरवर ही टेस्ट हिरवी होती. त्यांनी पाठवलेल्यावर लाल आहे."

"अगं, टेस्टच चुकली असेल! खोटी ओरड ठरली तर सगळं गेलं. तुझं सगळ्यात आधी जाईल!"

एकदा तिने माझ्याकडे बघितलं. मी नजर स्क्रीनकडे वळवली. मग तिने स्वतःच हात पुढे करून म्यूट काढलं.

"जोशी सर, लूपच्या शेवटची तुलना बघा. 'पेक्षा लहान' पाहिजे, तिथे 'लहान किंवा समान'चा हुकूम निघतोय. लूप एकदा जास्त फिरतोय, तेच काम परत एकदा होतंय. मी लाल झालेलं लपवणार नाही."

पलीकडे कीबोर्डचा आवाज. मग तोही थांबला. आम्ही कोणी एकमेकांकडे बघत नव्हतो. सरांनी डोळे मिटून घेतले होते.

"मॅडम," जोशींचा आवाज एकदम खाली आला होता. "दहा मी घातल्या होत्या. ही अकरावी माझ्या हातून नकळत झालीये."

सरांनी डोळे उघडले. जोशींनी घसा खाकरला.

"खैरनार साहेब, काम वाढवायचं म्हटलं तर तुमच्या त्या ऑफिसात अजून चार टेबलं मावतील का हो?"