मी न पाहिलेलं धरण

दोन हजार सालाच्या आसपास आमच्या घरात एका परदेशी सरकारी रेडिओच्या हिंदी सेवेचा श्रोता संघ होता. अध्यक्ष मी, सचिव बायको, सदस्य सासरची बारा माणसं. त्यातल्या एकानंही ती हिंदी सेवा कधी ऐकली नव्हती. पण सदस्य जास्त तर रेडिओकडून येणारी कॅलेंडरं जास्त. आमच्या प्रत्येक भिंतीवर परदेशी डोंगर लटकत होते.

मी सालेकसा तालुक्यात मास्तर आणि गोंदियाच्या एका छोट्या पेपरचा हौशी वार्ताहर. हे रेडिओवाल्यांना मीच फुशारकीनं कळवलं. मग कॅलेंडरांसोबत तयार लेख येऊ लागले. 'आपल्या नावाने छापल्यास आनंद होईल.' मलाही झाला. त्यांच्याकडच्या एका मोठ्या धरणावरचा लेख मी मराठीत केला आणि वर माझं नाव घातलं. धरणासाठी उठवलेली माणसं नव्या घरांत किती सुखी, हे इतक्या जिव्हाळ्यानं लिहिलं की मलाच ते खरं वाटलं.

रविवारी विहारात वंदना झाली की पेपर मोठ्यानं वाचायची आमची रीत. वाचणारा मीच. तो लेखही वाचला. समोर मोठीमाय, माझी चुलती. तिचं माहेर तलावाखाली गेलेलं.

"तू पाहून आला काय, बाबू?"

"नाही, मोठीमाय. तिकडून लिहून आलं."

"मंग नाव तुहं काऊन?"

मी पेपरची घडी घालू लागलो.

"आमचं गाव बुडालं तवा आमीबी खुश होतो, असं कुठंतरी छापलंच असन मंग," ती म्हणाली. "पुढच्या इतवारी दुसऱ्याले वाचू दे."

पुढच्याच शनिवारी सकाळची शाळा सुटताच मी रेल्वेनं गोंदियाला, संपादकांसमोर. मला पेपरात खुलासा छापून हवा होता.

"छोड़ो ना मास्टरजी, पढ़ता कौन है?"

"माझी मोठीमाय ऐकते."

असे चार शनिवार त्यांच्या टेबलाशी बसलो. चौथ्यांदा ते कंटाळले. "लिखो. दो लाइन!" मी तीन लिहिल्या, खाली माझं नाव घातलं: धरणावरचा लेख माझा नाही. परदेशी सरकारच्या रेडिओनं तो पाठवला होता. ते धरण मी पाहिलेलं नाही.

त्यांनी 'सरकारच्या' खोडायला पेन उचललं. मी कागदावर तळहात ठेवला. "ते राहील." एरवी मी भाजीवाल्याशीही घासाघीस करत नाही.

रविवारी विहारात शेजारचे पोस्टमन वाचत होते. खुलासा संपला.

"अजून एकडाव वाचा," मोठीमाय म्हणाली. "त्याचं नाव जरा जोरानं."

त्यांनी वाचलं. मी मान वर ठेवून ऐकलं.