नव्याण्णव वर्षांची बाळं

माझ्या मुलीला ऑफिसात सगळे आजीबाई म्हणतात. वय चौतीस. पण इस्पितळाच्या औषधविभागाचा प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलाय ती आता कुणी शिकत नाही, आणि ती येणारी तिथे ही एकटीच. "आजीबाई, तुमचं म्हातारं पुन्हा अडलं," म्हणत पोरं तिच्या टेबलाशी यायची. ही म्हणायची, "अडलं नाही, रुसलंय. तुम्ही त्याच्याशी नीट बोलत नाही."

घरात मात्र तिला जुनं काही खपत नाही. झाकणं नसलेले डबे, डबे नसलेली झाकणं ती दर सुट्टीला माझ्यापुढे मांडते. "आई, हे कशाला ठेवलंयस?" मला उत्तर सुचलं नाही की वस्तू गेली.

मागच्या वर्षी तो प्रोग्राम नव्या यंत्रणेवर न्यायचं ठरलं. साहेबांचं म्हणणं, जसाच्या तसा उतरवा; ओळीमागून ओळ बदलून देणारं सॉफ्टवेअर मिळतं. हिचं म्हणणं, इतक्या वर्षांचा कचरा नव्या घरात कशाला? एकेक नियम समजून घेऊ आणि लागतील तेवढेच नव्याने लिहू. भांडून भांडून तिने ते मंजूर करून घेतलं. त्या दिवशी जेवताना तिचा चेहरा असा खुलला होता की मी माझी भीती गिळली. मला तशी कशाचीही भीती वाटते.

मग ती ओळी वाचत बसली. ही कशाला? उत्तर मिळालं नाही की ओळ काढायची. त्यात एक नियम होता: बाळांच्या वॉर्डात वय नव्याण्णव आलं तर ते शून्य धरावं. "आई, बाळांच्या वॉर्डात नव्याण्णव वर्षांचं कोण गं असणार?" मीही हसले. ती ओळ गेली.

नंतर कळलं, जुना प्रोग्राम वयाच्या जागी शून्य घ्यायचाच नाही. ते दुरुस्त करायचं सोडून कुणीतरी कधीकाळी नर्सना सांगितलं होतं, नवजात बाळ असलं की नव्याण्णव टाका. एकीने दुसरीला शिकवलं. हे कुणाला सांगायला हवं, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

नवा प्रोग्राम बाळांच्या वॉर्डात सुरू झाला तेव्हा बोटं सवयीने नव्याण्णववर गेली. एका तान्ह्या बाळाला म्हाताऱ्या माणसाच्या हिशेबाने औषध गेलं. दुसऱ्या डोसच्या वेळी नर्सच्या लक्षात आलं. बाळ वाचलं. ते औषध जास्त झालं तर ऐकू येणं जातं; त्याच्या कानांची खात्री डॉक्टर अजून देत नाहीत. त्याची आई व्हरांड्यात त्याच्या डोक्यामागे टाळ्या वाजवत होती, ते हिने पाहिलं.

चौकशीच्या सकाळी मी म्हणाले, "नर्सचं नर्स बघून घेईल. तू बोलू नकोस."

"तिलाही आई असेल ना," ती म्हणाली आणि चपला घालून निघाली.

साहेबांनी विचारलं, "वय कुणी टाकलं? नर्सने. विषय संपला."

"नर्सने रोजच्यासारखंच टाकलं. ओळ मी काढली. अशा आणखी बऱ्याच काढल्यात. जुना परत लावा आणि जसाच्या तसा उतरवा. तुमचंच बरोबर होतं."

"आता? वर काय सांगू, वर्ष पाण्यात गेलं म्हणून? ती एक ओळ घालतो परत. तुम्ही घरी आराम करा, आजीबाई."

तिचा पासवर्ड बंद झालाय. सोमवारी नवा प्रोग्राम बाकीच्या वॉर्डांतही सुरू होतोय. काढलेल्या बाकीच्या ओळी आता पोरांच्या हातात आहेत, आणि त्यांना ती जुनी भाषा येत नाही.

आज संध्याकाळी तिने त्या नर्सला फोन लावला होता. आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"ताई, सवयीने अजून काय काय टाकता हो तुम्ही?"

मग ती बाई म्हणाली, "अगं, आठवून बघते. पण सवयीचं आठवत नाही गं, हात आपोआप जातो."

फोन ठेवून ही दुसऱ्या वॉर्डचा नंबर शोधायला लागली. अजून तिच्या खोलीतून बोलण्याचा आवाज येतोय. प्रश्न तोच आहे. उत्तरं मला ऐकू येत नाहीत.