आईची बामची डबी

आबांचं प्रेत अंगणात ठेवलं होतं आणि आई त्यांच्या कपाळाला बाम चोळत होती.

सगळ्या गावासमोर.

कुणीतरी तिचा हात धरला तर म्हणाली, "लय दुखतंय म्हणत व्हते. जरा लावू द्या."

माझे वडील, आबा, कामशेत ते पवनानगर जीप चालवायचे. दिवसभर धूळ, डिझेलचा वास आणि मागे कोंबलेली माणसं. घरापाशी आले की दोनदा हॉर्न द्यायचे. तो हॉर्न फक्त आईसाठी.

आधी बाम, मग चहा. एवढाच काय तो त्यांचा रोमान्स.

त्या दिवशीही तेच झालं. डोकं ठणकतंय म्हणाले. आईनं बाम लावला, "पडा जरा" म्हणाली. आबा पडले ते उठलेच नाहीत.

मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टर म्हणाले.

आणि आबांची धाकटी बहीण, आमची आत्या, तिथंच अंगणात बोलली, "दवाखान्यात न्यायचं सोडून बाम चोळत बसली. हिनंच मारला माजा भाऊ."

आईनं डबीचं झाकण लावलं. 

मग मी आईला माझ्याकडे लोणावळ्याला आणलं, तुंगार्लीच्या फ्लॅटवर.

भेटायला येणारे सगळे एकाहून एक शहाणे. "त्यांचं सोनं झालं." "तेवढंच आयुष्य होतं." डॉक्टरांनीही बसवून समजावलं, लवकर आणलं असतं तरी काही उपयोग नव्हता.

आई सगळ्यांना चहा द्यायची. ते गेले की कप उचलता उचलता म्हणायची,

"ही मानसं बी बामच लावून जात्यात. घडीभर गार वाटतं. दुखायचं त्ये दुखतंच."

इंग्लिशमध्ये बाम म्हणजे दिलासासुद्धा, हे मी शाळेत शिकले. आई इंग्लिश न शिकता तो शब्द बरोबर तसाच वापरत होती. आणि तो किती कमी पुरतो, तेही तिलाच ठाऊक होतं.

तिची चूक नव्हती, हे तिला एकाच माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं.

गावाकडून फोन आला की विचारायची, "वन्सं काय बोलल्या का?"

मी आत्याला किती वेळा सांगितलं, एक फोन कर गं तिला. "बघू" म्हणायची.

बघू!

संध्याकाळ झाली की तलावाकडे जाणारे टुरिस्ट वेड्यासारखे हॉर्न वाजवतात. आई ताडकन उठायची आणि डबी घेऊन दाराशी उभी राहायची.

"आले बघ."

"आई, टुरिस्ट आहेत गं ते."

"गप. डोकं दुखत आसंल त्यांचं."

मी चिडायचे. पण खरं सांगते, एकदा त्या हॉर्ननंतर जिन्यात डिझेलचा वास आला. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात.

मी दार उघडलं नाही. आईनं माझ्याकडे नुसतं बघितलं.

काल सकाळी आई गेली. झोपेतच.

आत्या सगळ्यात शेवटी पोचली. तोवर बायकांची कुजबुज सुरू होती, बाई विधवा, मग कपाळाला कुंकू लावायचं की नाही. माझा पारा चढलाच होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्या पुढे येऊन बसली. उशाजवळची डबी उचलली आणि आईच्या मोकळ्या कपाळाला बाम चोळायला लागली.

हळूहळू. आई आबांना चोळायची तसा.

"वयनी, तुमची चूक न्हवती वो. मला तवाच म्हाईत व्हतं. माजं त्वांडच उघडलं न्हाई."

मला तिला दंडाला धरून उठवावंसं वाटलं. आई ऐकत होती तेव्हा कुठे होतीस तू?

पण ती हुंदके देत होती आणि हात थांबवत नव्हती. मी हात मागे घेतला. राग गेलेला नाही माझा. एवढ्यात जाणारही नाही.

बाम लावून झाल्यावर आत्यानं ती डबी आईच्या मुठीत ठेवली. कुणी काढली नाही. आईबरोबर तीही गेली.

आज संध्याकाळी खाली हॉर्न वाजला.

दोनदा.

मी उठले. उशाजवळ डबी शोधली. मग आठवलं.

डबी तुझ्याकडेच आहे, आई. जा आता.

आबा न्यायला आलेत.