हाळीसुद्धा त्यात आली

माझ्या काकाला कुजबुजता येत नसे. कानात सांगायची गोष्टही तो अशी सांगे की शेजारच्या घरातलं कुत्रं उठून बसावं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा "पोरगी कामाला वाघ आहे, पण तोंडाची फटकळ" हे त्याने माझ्या आईच्या कानात सांगितलं आणि अंगणात चहा पीत बसलेल्या पाहुण्यांनी ऐकलं. तरी लग्न झालं. नवरा अजून म्हणतो, मला सूचना वेळेवर मिळाली होती, मीच ऐकली नाही.

माझं माहेर वेवजीच्या अंगाला, गुजरातच्या हद्दीजवळचा एक पाडा. घरं टेकडीवर विखुरलेली. एकाच्या अंगणातून दुसऱ्याचं अंगण दिसतं, पण बोललेलं पोचत नाही. म्हणून हाळी. बाबा गेल्यावर मला ज्याने वाढवलं तो हा काका पाड्याची हाळी द्यायचा. त्याला कोणी नेमलं नव्हतं, आवाज होता म्हणून काम त्याच्याकडे आलं. डोस पाजायला नर्सबाई आल्या, रेशनवर तांदूळ आला, कोणाची गाय सुटली, कोणाच्या घरी माणूस गेलं, सगळं काका बांधावर उभा राहून चारी दिशांना तोंड करून ओरडायचा. हाळीची रीत ठरलेली. आधी "ऐका हो ऐका", मग काय असेल ते, आणि शेवटी "मागाहून म्हणू नका, सांगितलं नाही". आपलं नाव सांगायचं नाही, कारण आवाज सगळे ओळखतात. वारही सांगायचा नाही, नुसतं "आज" म्हणायचं. हाळी त्या दिवसापुरती असते, दुसऱ्या दिवशी ती शिल्लकच नसते, मग वार कशाला?

पाड्याच्या वरच्या टोकाला एक म्हातारी राहायची. सगळा पाडा तिला आजी म्हणे. दोन्ही डोळ्यांनी दिसणं जवळजवळ संपलेलं, मुलगा-सून दिवसभर मजुरीवर. तिचं घड्याळ, तिचा पेपर, तिचा रेडिओ म्हणजे माझा काका. "त्याची हाक आली की मी उठते, नाही आली की पडून राहते," असं ती सांगायची, आणि तसंच करायची.

लग्नानंतर मी तलासरीला आले. नाक्यावर आमचं मोबाइलचं दुकान. चौदा साली आम्ही रिचार्ज मारायचो आणि मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचो, बस्स. पुढे दोनेक वर्षांत नेट स्वस्त झालं आणि दुकानात उभं राहायला जागा उरेना. मला तर हर्षवायूच झाला होता! तोवर आमच्या लोकांचं बोलणं कचेरीच्या दारापर्यंत जायचं आणि तिथे साहेब जेवायला गेलेले असायचे. आता रस्ता खचला, काढला फोटो, टाकला. हातपंप बंद पडला, टाकलं. मी नवऱ्याला म्हणायचे, "बघा, आपल्यालाही वाचा फुटली." तो म्हणायचा, "तुझी कधी बंद होती?"

पाड्याचा ग्रुप मीच काढला, अ‍ॅडमिनही मीच. आमच्या माणसांना टाइप करणं जड जायचं, म्हणून सगळे बोलूनच पाठवायचे. काकाला मी दुकानातला एक मोबाइल दिला आणि व्हॉइस कसा पाठवायचा ते शिकवलं. तो फोन घेऊन थेट बांधावर गेला, फोन तोंडासमोर धरला आणि जी आरोळी ठोकली! मी म्हटलं, "अरे काका, हळू! फोन फुटेल." तो म्हणाला, "वापीपर्यंत जायची आहे ना पोरी? मग?" आम्ही हसून हसून लोळायचे बाकी होतो. वापीच्या कारखान्यांत कामाला गेलेली पाड्याची माणसं तिकडे ती हाळी लावायची आणि सांगायची, आज जेवण गोड लागलं. ते दिवस आठवले की मला स्वतःचीच कीव येते.

अठरा सालच्या दिवाळीनंतर जमीन हलायला लागली. आधी खालून तोफेसारखा आवाज, मग हादरा. कधी दिवसात एखादा, कधी एकामागून एक. भिंतींना भेगा गेल्या, कौलं घसरली, ऐन थंडीत लोक ताडपत्रीखाली झोपायला लागले. नक्की काय होतंय ते कोणी धड सांगेना. साहेब लोक आले, भेगा बघून गेले. एका संध्याकाळी मोठा हादरा बसला आणि काकाने हाळी दिली, बांधावरूनही दिली आणि ग्रुपवरही. माझ्या फोनमध्ये ती अजून आहे. "ऐका हो ऐका! आज रात्री कोणी घरात झोपायचं नाही. धरणी परत हलणार आहे. पोरं-म्हातारी बाहेर काढा. मागाहून म्हणू नका, सांगितलं नाही."

यात काय चुकलं, सांगा ना मला? त्या रात्री धरणी परत हललीच. पण बांधावरची हाळी सकाळपर्यंत विरून गेली आणि फोनमधली विरली नाही. ती वापीला गेली, वापीहून परत इकडे वळली, कासा, चारोटी, डहाणू, पार किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांच्या फोनमध्ये जाऊन बसली. आणि ज्या दिवशी ऐकाल त्या दिवशी म्हणणार, "आज रात्री". जन्मभर वाऱ्यावर बोललेल्या माणसाला हे सुचणार कुठून, की आपलं बोललेलं आता संपतच नाही? महिन्याभराने डहाणूकडच्या एका वस्तीत कोणीतरी ती मोठ्याने लावली आणि सगळी वस्ती घाबरून रस्त्यावर आली. धावपळीत दोघं-तिघं पडली, एका बाईचा हात मोडला. आणि नेमकी त्या दिवशी धरणी हलली नाही. झालं! अफवा. वरून आदेश सुटले, पसरवणाऱ्याला शोधा. शोधायचं काय त्यात? पाड्यावरून कासाला जाणाऱ्या जीपमधल्या कोणीही सांगितलं असतं, आवाज कोणाचा ते.

चौकीवर मला अ‍ॅडमिन म्हणून बोलावलं आणि काकाला आवाज म्हणून.

साहेब मला म्हणाले, "बसा मॅडम," आणि चहा मागवला. काकाला म्हणाले, "तू तिकडे उभा राहा." काका भिंतीशी उभा राहिला आणि मोकळेपणाने म्हणाला, "तू बोलावलंस म्हणून काम टाकून आलो, साहेब." आता आमच्या पाड्यावर अहो-जाहो नाहीच. देवीला तू, काकाला तू, उद्या कलेक्टर आला तरी तू. साहेब ताडकन म्हणाले, "कोणाला तू म्हणतोस रे?" काकाला प्रश्नच कळला नाही. त्याने आपलं खरं उत्तर दिलं, "तुला." कपाळ माझं! सकाळी अकराला गेलेला तो माणूस दिवस मावळेपर्यंत त्या भिंतीशी उभा होता.

मी भांडले. नाही असं नाही. म्हटलं, "त्याने हानी व्हावी म्हणून सांगितलं का? माणसं वाचावीत म्हणून सांगितलं. बोलणं हा गुन्हा आहे का? कुठल्या कलमात बसतं ते तरी दाखवा." साहेब चिडलेसुद्धा नाहीत. शांतपणे म्हणाले, "मॅडम, कलम विचारू नका. सांगितलं तर मला लावावं लागेल." मी म्हटलं, "मग लावा!" त्यांनी काकाकडे बोट केलं. "लावलं तर त्याला लागेल, तुम्हाला नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच विझली. साहेबही काही राक्षस नव्हता, त्यालाही वरून सारखे फोन येत होते, तेही मी डोळ्यांनी बघत होते. राक्षस असता तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

शेवटी हवालदाराने हमीपत्र वाचून दाखवलं. यापुढे मी कोणत्याही माध्यमातून लोकांत घबराट पसरेल असं काही बोलणार नाही, पाठवणार नाही. काकाने विचारलं, "माध्यम म्हणजे फोन ना?"

"फोन, नेट, सगळं."

"आणि हाळी?"

हवालदार शाईचं पॅड शोधत होता. मान वर न करता म्हणाला, "हाळीसुद्धा त्यात आली."

काकाने अंगठा दिला. त्याचा फोन तपासासाठी तिथेच राहिला.

बाहेर पडल्या पडल्या मी तावातावाने सुरू झाले. "त्या हवालदाराला हाळी म्हणजे काय ते तरी माहीत आहे का? तू बिनधास्त दे. तोंडाला कुलूप लावणारे हे कोण?" काका चालत राहिला. मग म्हणाला, "वाचून दाखवलं ना त्याने? अंगठा दिलाय मी." असले अंगठे आणि सह्या लोक रोज देतात आणि चौकीच्या पायरीवरच विसरतात. पण माझ्या काकाने उभ्या जन्मात दिलेला शब्द मोडला नव्हता. सरकारलाही नेमका त्याचाच शब्द घ्यायचं सुचलं.

ग्रुप मेला. आधी वापीची माणसं बाहेर पडली, मग पाड्याची. जी राहिली ती सकाळी फुलांची चित्रं टाकायची, शुभ प्रभात. हादरा बसला तरी कोणी "बसला" असं लिहीना. हातपंप पुन्हा बंद पडला, कोणी टाकलं नाही. नवऱ्याने सांगितलं म्हणून मी सेटिंग बदलून फक्त अ‍ॅडमिनलाच बोलता येईल असं केलं, आणि मग अ‍ॅडमिनलाही बोलायला काही सुचेना. दुकानात मात्र गर्दी तशीच, सगळ्यांच्या माना खाली, सगळ्यांचे अंगठे चाललेले. मी बघत बसायचे.

आणि काका कुजबुजायला शिकला. जेवताना मीठ मागायचं तरी ओठातल्या ओठात. काकी वैतागून म्हणायची, "अरे मोठ्याने बोल, घरात कोण पोलीस बसलाय?" तो कसनुसं हसायचा. चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरली. दर वर्षी काका पहाटे हाळी द्यायचा आणि सगळा पाडा एकदम निघायचा. त्या वर्षी लोक जमेल तसे, तुकड्या-तुकड्यांनी गेले. आजी मात्र नवं लुगडं नेसून दुपारपर्यंत ओट्यावर बसून राहिली. मी तिला समजावलं, "आजी, काकाने अंगठा दिलाय, तो आता हाळी देत नाही." ती खळखळून हसली. "तो आणि गप्प? म्हातारीची थट्टा करतेस होय गं!" मी दहा वेळा सांगितलं असेल. तिने मानलंच नाही.

पावसाआधी कौलं सारखी करायला म्हणून मी माहेरी गेले होते. भर दुपार. खालून आवाज आला आणि हादरा बसला, फार मोठा नव्हे. आम्ही सगळे अंगणात आलो. काका बांधावर उभा होता. असा एक आला की मागून मोठा येतो, हे आम्हाला तोवर पाठ झालं होतं. काकाने वर टोकाच्या घराकडे बघितलं. आजीचा मुलगा आणि सून कामावर गेलेले, दार उघडं, आजी बाहेर दिसत नव्हती. मी काकाला बघत होते. त्याची छाती भरली. तोंड उघडलं. आता ओरडणार, आता ओरडणार, असं माझं मलाच झालं.

त्याने तोंड मिटलं आणि पळत सुटला.

गुडघ्याने अधू माणूस, चढावर, धडपडत, पण तोंड बंद. पळण्यावर अंगठा दिला नव्हता ना त्याने! मी मागून जिवाच्या आकांताने ओरडले, "काका, हाक मार! अरे पळतोस काय, हाक मार!" माझा आवाज अर्ध्या टेकडीपर्यंतही पोचला नाही. तो घराच्या कुंपणाशी पोचला असेल-नसेल, तेवढ्यात दुसरा हादरा आला. मुलाने कुडाचं घर मोडून हौसेने विटांचं बांधलं होतं. त्यातली एक भिंत आत पडली.

आजी जिवंत सापडली. खुबा मोडला होता, छातीला मार होता. हाडाचे डॉक्टर कासाला भेटतील असं कोणी म्हणालं म्हणून जीपमध्ये आडवी घालून कासाच्या सरकारी दवाखान्यात नेली. रस्ताभर काका तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, वय फार आहे, आशा धरू नका.

दुसऱ्या दिवशी ती थोडी शुद्धीवर आली. काकाचा हात चाचपून तिने ओळखला. म्हणाली, "काल तुझी हाक आली नाही रे. मला वाटलं, काही नाही. म्हणून पडून राहिले." काकाचे ओठ हलले. आवाज आला नाही. मला त्याच्याकडे बघवेना. मी भिंतीकडे तोंड करून रडले, आणि तेव्हा मनात आलं की जमीन हलते ती हलू दे, एकदा सगळंच खाली बसू दे.

वॉर्डात शेजारच्या खाटेशी एक अनोळखी बाई बसली होती. आदल्या दिवशीच्या हादऱ्याने सगळीकडचे फोन पुन्हा जागे झाले होते. तिच्या फोनवर काहीतरी आलं, तिने सहज लावलं, आणि त्या लांबलचक खोलीत माझ्या काकाचा आवाज घुमला. मोकळा, टेकडीवरचा, पूर्वीचा. "ऐका हो ऐका! आज रात्री कोणी घरात झोपायचं नाही..."

आजीचा चेहरा उजळला. तिने काकाचा हात सोडून दिला आणि आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"आली बघ हाक," ती आम्हाला म्हणाली, आणि उठून बसायला म्हणून तिने खाटेच्या कडेवर कोपर टेकलं. काका तिच्या पायाशी तोंड मिटून बसला होता.