पास झाल्याचा कुंदा

माझी धाकटी बहीण जन्मापासून बहिरी. मी शाळेत असताना बेळगावात शिबिर भरलं. कानाचं मशीन ज्यांना द्यायचं, ती पोरं डॉक्टर तिथं निवडणार होते. निवड म्हणजे परीक्षा, आणि परीक्षेत पास व्हायचं, एवढंच आमच्या विणकर आईला ठाऊक. लाकडी स्टेजवर डॉक्टर बहिणीच्या पाठीमागं घंटी वाजवायचे, तेव्हा आई हळूच टाच आपटायची. मागाच्या धक्क्यांत वाढलेली पोरगी फळीचा हादरा लागताच मागं वळायची.

"हिला ऐकू येतंय, न्या घरी," डॉक्टर म्हणाले. आईच्या पायाकडं बघायला त्या शहाण्याला फुरसत नव्हती.

आईनं वडगावातल्या आमच्या गल्लीत खव्याचा कुंदा वाटला. "लई हुशार माझी पोरगी, पास झाली गं!" असं दारोदार ओरडून सांगितलं. ते सगळ्या गल्लीनं ऐकलं, बहीण सोडून.